सारागढी : १२ सप्टेंबर १८९७

वायव्य सरहद्दीवरच्या सामाना डोंगररांगेवर ब्रिटिशांचे दोन किल्ले होते, लॉकहार्ट आणि गुलिस्तान. मधल्या उंचवट्यामुळे एकाला दुसरा दिसत नसे. म्हणून त्या उंचवट्यावर सारागढीची चौकी उभी केली. जंग्या ठेवलेल्या दगडी भिंती, लाकडी दरवाजा आणि हेलिओग्राफसाठी एक बुरूज. आरशावर ऊन झेलून एका किल्ल्याचा निरोप दुसऱ्याला पोचवायचा, हे तिचं काम. आत ३६व्या शीख पलटणीचे २१ जवान होते.

सकाळी सुमारे ९
अफ्रिदी आणि ओरकझई टोळ्या चौकीला वेढतात. त्यांची संख्या ६,००० ते १०,००० सांगितली जाते. शिपाई गुरमुख सिंग लॉकहार्टला कळवतो. तिथून लेफ्टनंट कर्नल जॉन हॉटनचं उत्तर येतं : लगेच मदत पाठवणं शक्य नाही. चौकीचा प्रमुख हवालदार ईशर सिंग जागा सोडत नाही.

दुपार
दरवाज्यावरचे हल्ले परतवले जातात. शिपाई भगवान सिंग पडतो. काडतुसं कमी होत चालली आहेत, हेही आरसाच सांगतो. हल्लेखोर झुडपं पेटवतात आणि धुराच्या आडोशाने काहीजण भिंतीच्या एका कोपऱ्याशी पोचतात. आतल्या जंग्यांतून तो कोपरा दिसत नाही, तिथे गोळी पोचत नाही. ते पाया पोखरू लागतात.

गुलिस्तानवरून मात्र तो कोपरा स्पष्ट दिसत होता. तिथून इशाऱ्याचा निरोप सुटला, पण सारागढीत तो कुणाच्या नजरेला पडला नाही. संदेश देणारा-घेणारा गुरमुख एकटा, आणि त्याला लॉकहार्टशी बोलायचं होतं. दुसऱ्यांचे निरोप पोचवायला बांधलेल्या चौकीला स्वतःसाठी आलेला निरोप वाचता आला नाही, हे मला या दिवसातलं सगळ्यात जिव्हारी लागणारं वाटतं.

सुमारे ३
कोपरा ढासळतो. लॉकहार्टहून निघालेली छोटी तुकडी चौकीपर्यंत पोचू शकत नाही. ईशर सिंग उरलेल्यांना आत हटायला सांगतो आणि स्वतः खिंडाराशी थांबतो.

सुमारे ३.३०
गुरमुख सिंग हॉटनला विचारतो : निरोप थांबवून बंदूक उचलू का? परवानगी येते. तो हेलिओग्राफ उतरवतो, कातडी पिशवीत नीट भरतो आणि खाली जातो. सगळ्यांत शेवटी तोच पडतो. चौकीला आग लावली जाते.

१४ सप्टेंबर
मदतीची फौज तोफांसह येते. टोळ्यांनी वेढलेला गुलिस्तान अजून झुंजत असतो, त्याचा वेढा उठतो. पुढे २१ही जवानांना इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट हे शौर्यपदक मिळालं.

१२ तारखेच्या संध्याकाळी मात्र मधल्या उंचवट्यावर नुसता धूर होता, आणि दोन्ही किल्ले पुन्हा एकमेकांपासून तुटले होते.