हिरडीचें कलम



दांतांचीं मुळें उघडीं पडूं लागलीं कीं घरोघरीं एकच उद्गार निघतो, "वय झालें!" वय बिचारें फुकट बदनाम होतें. खरीं कारणें म्हणजे राठ घासणें, सांचलेल्या कीटणानें येणारी सूज आणि जात्याच पातळ असलेली हिरडी. एकदां मागें हटलेली हिरडी आपण होऊन परतत नाहीं. तिला परत आणण्याचा इतिहास मात्र मोठा मनोरंजक आहे.

सुश्रुतानें दंतमुळांचे १५ रोग सांगितले. त्यांपैकीं 'शीताद' या रोगांत हिरड्यांतून रक्त येतें, त्या काळवंडतात व झडूं लागतात. उपाय काय, तर रक्त काढावें आणि सुंठ, मोहरी, त्रिफळा, नागरमोथा यांच्या काढ्यानें गुळण्या कराव्या. त्याच ग्रंथांत गालाचें मांस वापरून छिन्न नासिका जोडण्याची कृति आहे.

या विद्येचा एक दाखला आपल्या पुण्याजवळचाच आहे. १७९२ च्या युद्धांत टिपूच्या हातीं सांपडलेल्या कावसजी नांवाच्या गाडीवानाचें नाक कापलें गेलें होतें. विटा करणाऱ्या जातीच्या एका कारागिरानें कपाळाची कातडी खालीं वळवून त्याला नवें नाक दिलें. १७९४ सालीं हा वृत्तांत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्यें छापला गेला, व १८१४ त कार्प्यू यानें तेथें हीच शस्त्रक्रिया केली. यांतील मर्म एवढेंच, कीं भुवयांमध्यें कातडीचा देठ जोडलेला ठेवावयाचा, म्हणजे तिला रक्त मिळत राहतें.

हिरडीच्या बाबतींत हाच देठ कळीचा ठरला. दांताच्या उघड्या मुळावर रक्तवाहिन्या नाहींत. त्यावर कलम लावणें म्हणजे खडकावर रोप लावणें! १९५६ त अमेरिकेंत ग्रूप व वॉरेन यांनीं शेजारच्या दांताची हिरडी देठासकट सरकवून ती जागा झांकली. पुढें टाळूवरचा सुटा तुकडा लावूं लागले; पण तो ठिगळासारखा दिसे व टाळूला मोठी जखम राही. १९८५ मध्यें लँगर यांनीं टाळूच्या कातडीखालचा थर तेवढा काढून हिरडीच्या पदराखालीं घातला. खालून आणि वरून, दोन्हीकडून रक्त मिळाल्यानें तो चांगला जगला. ही पद्धति आजहि श्रेष्ठ गणली जाते.

याहून धाडसाची कल्पना म्हणजे गेलेला आधार पुन्हां उगवविण्याची. वरची कातडी जलद वाढून जागा बळकावते. म्हणून स्वीडनमध्यें न्यीमन व सहकाऱ्यांनीं १९८२ त मध्यें पडदा घालून दांताला धरणाऱ्या तंतूंच्या पेशींना अवसर दिला. त्यानंतर डुकराच्या कोवळ्या दंतवल्कापासून काढलेलें प्रथिनहि वापरांत आलें. शाकाहारी मंडळींनीं हें आधींच विचारून घ्यावें!

हें सर्व खरें. पण १९८५ सालींच मिलर यांनीं एक मर्यादा दाखविली. दोन दांतांमधील हाड व हिरडी शाबूत असेल, तरच मूळ पूर्ण झांकलें जाण्याची आशा धरावी. ती गेली असल्यास कितीहि कुशल हात असला तरी पुरें यश येत नाहीं. म्हणून जाणता दंतवैद्य उघड्या मुळाकडे मागाहून पाहतो. आधीं दांतांच्या फटींत पाहतो.