मेहेरबानी नव्हे, हक्क

अंबड तालुक्यातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना १९७२ चा दुष्काळ विचारून पाहा. खडी फोडावी, तलावाची माती वाहावी, तेव्हा कुठे चूल पेटे. परंतु दुष्काळी काम म्हणजे सरकारची मेहेरबानी. पाऊस पडला की संपली! वि. स. पागे यांनी तत्त्व मांडले ते निराळे: मागेल त्याला काम. त्यासाठी १९७५ साली व्यवसायकर बसला. शहरातल्या पगारदाराच्या पैशातून खेड्यातली मजुरी निघू लागली. १९७७ साली कायदा झाला अन् मेहेरबानीचा हक्क बनला. २००५ मध्ये देशानेही तो मान्य केला. पण मजुरीच रखडली, तर मजूर पुन्हा सावकाराच्या दारी जाणार, नाही का? कल्याणकारी राज्याची खरी परीक्षा तिथेच आहे.