पानांची जुळणी आणि खेळाची मर्यादा

पत्त्यांच्या बहुतेक जुन्या खेळांत सर्व खेळाडूंचा कॅट एकच असतो. बावन्न पाने पिसली जातात, वाटली जातात, आणि वाट्याला आलेल्या पानांवर ज्याने त्याने आपले कौशल्य दाखवावयाचे असते. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांत पाने १२० असतात. पण तीही सर्वांची सामाईकच. नशीब निराळे, सामग्री मात्र एक, असा हा पत्त्यांचा जुना न्याय आहे. १९९३ साली अमेरिकेत एका गणितज्ञाने हा न्यायच बदलून टाकला. त्याच्या खेळात प्रत्येक खेळाडू आपली पाने विकत घेतो, त्यांतून आपल्या पसंतीचा संच बांधतो आणि तो घेऊन प्रतिस्पर्ध्यासमोर बसतो. या खेळाचे नाव ‘मॅजिक: द गॅदरिंग’, आणि त्या गणितज्ञाचे नाव रिचर्ड गारफिल्ड.

गारफिल्ड यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डॉक्टरेट मिळवली ती संयोगगणितात, म्हणजे वस्तूंच्या निवडी आणि मांडण्या मोजण्याच्या शास्त्रात. पुढे वॉशिंग्टन राज्यातील व्हिटमन कॉलेजात ते गणित शिकवीत असत. पीटर ॲडकिसन यांच्या ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या लहानशा कंपनीला त्या वेळी थोड्या अवधीत आटोपणारा आणि कोठेही नेता येण्याजोगा खेळ हवा होता. ती गरज गारफिल्ड यांच्या पत्त्यांनी भागवली. ऑगस्ट १९९३ मध्ये खेळ बाजारात आला आणि पहिली छपाई पाहता पाहता संपली.

खेळाचा सांगाडा साधा आहे. दोन खेळाडूंपैकी प्रत्येकाजवळ आयुष्याचे २० गुण असतात. आरंभी सात पाने हाती घ्यावयाची आणि पुढे दर पाळीस एक पान उचलावयाचे. काही पाने ‘भूमी’ची असतात, त्यांतून शक्ती निर्माण होते आणि ती खर्च करून इतर पाने खेळता येतात. कोणी प्राण्यांची सेना उभारतो, कोणी मंत्र टाकतो. प्रतिस्पर्ध्याचे गुण शून्यावर आणले, की डाव जिंकला. पराभवाचा आणखी एक मार्ग आहे: ज्याच्या गठ्ठ्यातील पाने संपली आणि ज्याला तरीही पान उचलावे लागले, तो हरतो.

आता यातील मर्माची गोष्ट अशी, की प्रत्येक पानावर त्याचा स्वतःचा नियम छापलेला असतो. म्हणजे पान हे केवळ राजा, राणी वा गुलाम नसून ते नियमपुस्तकातील एक कलमच होय. पहिल्या संचात सुमारे ३०० निरनिराळी पाने होती. तीनशे कलमे एक एक करून तपासणे अवघड नाही. परंतु तीनशे पानांतून दोन-दोनच्या जोड्या होतात ४४,८५०, आणि तीन-तीनचे गट होतात ४४ लाख ५५ हजार १००. एवढे गट कोण तपासणार? ज्या शास्त्रात गारफिल्ड पारंगत होते, त्याच शास्त्राने त्यांच्या खेळात एक दार उघडे ठेवले होते, आणि त्या दारातून पहिले खेळाडू लवकरच आत शिरले.

त्यांची पहिली प्रसिद्ध युक्ती केवळ चार पानांची आहे. ‘ब्लॅक लोटस’ हे पान फुकट खेळता येते आणि ते एकदाच तीन एकक शक्ती देते. ‘चॅनेल’ या पानाची किंमत दोन एकक. ते खेळले, की त्या पाळीपुरता आपल्या आयुष्याचा एक एक गुण मोडून एक एक एकक शक्ती मिळवता येते. ‘फायरबॉल’ला एक एकक लाल शक्ती लागते, त्यापुढे जितकी शक्ती ओतावी तितका घाव प्रतिस्पर्ध्यावर बसतो. चौथे पान ‘माउंटन’ नावाची साधी भूमी, लाल शक्तीसाठी. आता हिशेब पाहावा. लोटसच्या तीन एककांतून चॅनेलचे दोन गेले, एक उरले. आयुष्याचे १९ गुण मोडून १९ मिळाले. एकूण २०. भूमीच्या लाल शक्तीने फायरबॉल पेटवला आणि वीसच्या वीस घाव प्रतिस्पर्ध्यावर पडले. खेळणाऱ्याजवळ एक गुण शिल्लक, समोरच्याजवळ शून्य. डाव पहिल्याच पाळीत संपला; समोरच्याने कदाचित एक पानही खेळलेले नसे.

चॅनेल हे पान एकटे पाहिले तर आत्मघाताचे वाटते. फायरबॉल एकटा पाहिला तर महाग, पण न्याय्य वाटतो. विष दोहोंपैकी एकातही नव्हते. ते दोहोंच्या मध्ये होते. अशा रीतीने पानांच्या परस्परसंबंधावर बांधलेल्या संचाला खेळाडू ‘कॉम्बो’ म्हणू लागले. मराठीत त्याला जुळणीचा संच म्हणता येईल.

प्रारंभीच्या नियमांप्रमाणे संचात किमान ४० पाने असली म्हणजे पुरे होते. एकाच पानाच्या किती प्रती घ्याव्यात याला बंधन नव्हते. लोक थोडीफार पाने विकत घेतील आणि दुर्मिळ पाने आपोआपच विरळ राहतील, असा कर्त्यांचा अंदाज होता. खेळाच्या अफाट लोकप्रियतेने तो अंदाज खोटा पाडला. जानेवारी १९९४ मध्ये स्पर्धांसाठी नवा दंडक आला: संचात किमान ६० पाने हवीत, साध्या भूमी वगळता एका नावाची चाराहून अधिक पाने नकोत, आणि ब्लॅक लोटससारखी काही पाने तर एकेकच असावीत. जुळणी नष्ट झाली नाही. मात्र ती हाती येणे दुर्मिळ झाले. संख्येला संख्येनेच आवर घातला गेला.

यानंतरची पायरी १९९७ च्या एप्रिल महिन्यातील. पॅरिस येथील व्यावसायिक स्पर्धेत अमेरिकेच्या माइक लाँगने जो संच वापरला, त्यातील पाने एकेकटी पाहता कोणी मोलाची मानली नसती. एक पान आपल्याच भूमीची आहुती देऊन शक्ती मिळवून देणारे. त्याचे इंग्रजी नावच उधळपट्टीचे. दुसरे, भूमी कमी पडलेल्या खेळाडूला गठ्ठ्यातून पाचपर्यंत भूमी परत देणारे. तिसरे ‘कॅडॅव्हरस ब्लूम’: हातातील एक पान कायमचे बाद करा आणि दोन एकक शक्ती घ्या. चौथे ‘प्रॉस्पेरिटी’: जितकी शक्ती ओताल तितकी पाने दोन्ही खेळाडूंनी उचलावीत. पाच पाने जाळली की दहा शक्ती. दहा शक्तीची दहा पाने. पुन्हा प्रॉस्पेरिटी हाती आली की दहांची वीस. प्रॉस्पेरिटीमुळे प्रतिस्पर्ध्यालाही तितकीच पाने मिळत. पण ती काय उपयोगाची? ती खेळण्यासाठी त्याची पाळी येणारच नसे.

लाँग ती स्पर्धा जिंकला. अंतिम सामन्यातील एका डावाची हकीकत खेळाडूंत आजही सांगितली जाते. शेवटचा घाव घालणारे पान लाँगच्या संचात एकच होते, आणि शक्ती मिळवण्याच्या भरात ते त्याने जाळून टाकले होते. तरीही सारे काही हातात असल्याच्या थाटात त्याने मार्क जस्टिसला, डाव सोडतोस काय, असे विचारले. आणि जस्टिसने डाव सोडला. हकीकतीतील बोध स्पष्ट आहे. जुळणीचे चक्र एकदा फिरू लागले, की समोर बसलेला माणूस हिशेब करणेही सोडून देतो. तो खेळाडू राहत नाही, प्रेक्षक होतो.

ही गोष्ट पुढील वर्षी साऱ्या खेळाच्या मुळाशी आली. ऑक्टोबर १९९८ मध्ये ‘अर्झाज सागा’ हा नवा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यात ‘टोलेरियन अकॅडमी’ नावाची भूमी होती. साधी भूमी एक एकक शक्ती देते. अकॅडमी मात्र खेळणाऱ्याजवळ मांडलेल्या प्रत्येक यंत्रापाठीमागे एक एकक देई. त्याच संग्रहात ‘टाइम स्पायरल’ होते: किंमत सहा एकक, दोन्ही खेळाडूंनी हातची पाने आणि टाकलेली पाने गठ्ठ्यात मिसळून नवी सात उचलावीत, आणि खेळणाऱ्याने वापरलेल्या सहा भूमी पुन्हा ताज्या कराव्यात. सहा खर्च आणि सहा परत, असा हा जमाखर्च कागदावर बरोबर जुळतो. पण तो जुळतो कोणत्या गृहीतावर? एक भूमी म्हणजे एक शक्ती, या गृहीतावर. ताज्या होणाऱ्या भूमींत अकॅडमी असली, की जमा खर्चाहून मोठी होते आणि चक्र सुरू होते.

त्यात ‘माइंड ओव्हर मॅटर’ या पानाची भर पडली. हातातील कोणतेही पान टाका आणि एक भूमी ताजी करा, असा त्याचा येथे उपयोग. पाच यंत्रे मांडलेली असताना टाकलेल्या प्रत्येक पानाचे मोल पाच एकक झाले. चार पाने टाकली की वीस. ‘स्ट्रोक ऑफ जीनियस’ला तीन एकक द्यावे लागतात आणि उरलेल्या सतरांची सतरा पाने उचलता येतात. त्या सतरांतून आणखी शक्ती, आणखी पाने. शेवटी उरलेला स्ट्रोक स्वतःसाठी नव्हे, तर प्रतिस्पर्ध्यावर टाकावयाचा: त्याने पन्नासाहून अधिक पाने उचलावीत असा हुकूम. त्याचा गठ्ठा संपे आणि नियमाप्रमाणे तो हरे. पान मिळणे हे एरवी या खेळातील सर्वात मोठे सुख. येथे तेच मरणाचे साधन झाले.

नोव्हेंबर १९९८ मध्ये रोम येथील स्पर्धा फिनलंडच्या टॉमी होवीने अकॅडमीच्या संचाने जिंकली. पुढील काही महिन्यांना खेळाच्या इतिहासात ‘कॉम्बो विंटर’, म्हणजे जुळण्यांचा हिवाळा, असे नाव पडले. नाणेफेक हाच डावाचा आरंभ आणि पहिली पाळी हाच त्याचा शेवट, अशा अर्थाचा विनोद त्या दिवसांत खेळाडूंच्या तोंडी होता. विनोदामागे विषाद होता. उत्तर देणारी पाने नव्हती असे नाही. पण ती पहिल्या हातातच असावी लागत. ती नसली, तर समोरच्याचा भलामोठा हिशेब ऐकत बसणे एवढेच काम उरे. अनेकांनी स्पर्धांकडे पाठ फिरवली.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. जुळणीचा संच बांधणारा लबाड नव्हता. त्याने एकही नियम मोडला नाही. उलट सर्वांहून अधिक बारकाईने नियम वाचले. इतरांनी टाकाऊ ठरवलेल्या पानांत त्याला उपयोग दिसला, यात अभ्यास होता आणि कल्पकताही होती. मग चुकले कोठे? चुकले ते एवढेच, की खेळ हा दोघांचा असतो, आणि नियम लिहिणाऱ्यांनी त्यातील दुसऱ्याला उत्तरासाठी जागाच ठेवली नव्हती. दोष अभ्यासूच्या बुद्धीचा नव्हे, कलमांच्या मांडणीचा होता.

दुरुस्ती आली ती बंदीच्या रूपाने. १ जानेवारी १९९९ पासून प्रचलित स्पर्धाप्रकारात टोलेरियन अकॅडमी आणि ‘विंडफॉल’ या पानांवर बंदी आली. १ एप्रिल १९९९ पासून टाइम स्पायरलसह आणखी काही पाने गेली. त्यांत ‘मेमरी जार’ हे पान फेब्रुवारी १९९९ मध्येच बाजारात आले होते. दोन्ही खेळाडूंनी आपला हात बाजूस ठेवून नवी सात पाने घ्यावीत आणि पाळीच्या शेवटी ती टाकून द्यावीत, असा त्याचा नियम. आदल्या वर्षीचे ‘मेग्रिम’ हे पान प्रतिस्पर्ध्याने टाकलेल्या प्रत्येक पानामागे दोन घाव घाली. सात पानांचे घाव १४. दोन मेग्रिम मांडलेली असली तर २८. आणि आयुष्य तर २० गुणांचे. नेहमीच्या यादीची वाट न पाहता तातडीने या पानाचे नाव बंदीत घातले गेले. बाजारात येऊन त्याला दोन महिनेही झाले नव्हते. या सुमारास कंपनीच्या प्रमुखांनी पाने रचणाऱ्या विभागाची कडक कानउघाडणी केल्याचे त्या विभागातील मार्क रोझवॉटर यांनी पुढे लिहिले आहे.

कंपनीने यातून जो धडा घेतला तो विचार करण्यासारखा आहे. तिने मोठ्या स्पर्धा गाजवलेल्या खेळाडूंनाच आपल्या परीक्षक मंडळात घेतले. मेमरी जारचा संच खेळलेला रँडी ब्यूलर हा १९९९ सालीच कंपनीच्या नोकरीत आला. ज्याला कुलूप उघडता येते, त्यालाच कुलपाची परीक्षा करण्यास बसवले. जुळण्या समूळ नाहीशा करण्याचाही हट्ट धरला गेला नाही. मात्र त्या सावकाश जमाव्यात आणि मध्ये उत्तर देण्यास वाव असावा, याकडे लक्ष दिले जाऊ लागले.

तथापि परीक्षा कितीही कसून घेतली तरी काही तरी सुटतेच. जानेवारी २०१७ मध्ये आलेले ‘फेलिडार गार्डियन’ हे पान काही महिने आधीच्या ‘साहीली राय’ या पानाशी मिळाले, की एकमेकांना पुन्हा पुन्हा जन्म देत अगणित सेना उभी राही. ही जोडी रचनाकारांच्या नजरेतून निसटली होती. २४ एप्रिल २०१७ रोजी बंदीच्या यादीत बदल नाही असे जाहीर झाले, आणि दोनच दिवसांनी निर्णय फिरवून त्या पानावर बंदी घातली गेली. पुढे २०१९ मध्ये ॲलेक्स चर्चिल, स्टेला बिडरमन आणि ऑस्टिन हेरिक या तिघांनी एका शोधनिबंधात दाखवून दिले, की या खेळातील पानांची अशी मांडणी करता येते, की तिच्यातून अखेर कोण जिंकेल हे सांगणारी कोणतीही सर्वसाधारण गणनापद्धती असूच शकत नाही.

एका संयोगगणितज्ञाने निर्मिलेल्या खेळाबद्दल गणितानेच दिलेला हा निर्वाळा आहे. आज या खेळात पंचवीस हजारांहून अधिक निरनिराळी पाने आहेत. त्यांच्या सर्व जुळण्या आधी पाहून ठेवणे कोणाच्याही आवाक्यातले नाही. म्हणून नियम करणाऱ्यांच्या हाती दोनच उपाय उरतात. प्रत्येक नवे कलम आधीच्या कलमांशेजारी ठेवून वाचावे, हा एक. आणि चूक उमगताच, कालचा शब्द आज फिरवावा लागला तरी, ती सुधारावी, हा दुसरा. समोर बसलेल्या माणसाला निदान एक पाळी मिळाली पाहिजे, एवढ्यासाठीच ही सारी खटपट आहे.