दीड व्होल्टाची चढण



१९५६ साली फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत आकाशवाणीच्या पुणे केंद्राने दीडशे खेड्यांतून ग्रामीण श्रोत्यांची मंडळे चालवली होती. लोक एकत्र बसून शेतीवरचे भाषण ऐकत आणि मग त्यावर आपापसांत चर्चा करीत. त्या काळी बहुतेक गावांत वीज नव्हती. मग चावडीवरचा रेडिओ वाजे कशावर? बॅटरीवर, असे तुम्ही चटकन सांगाल. पण ते वाटते तितके सोपे नव्हते.

त्या वेळच्या रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह असत. बॅटरीवर चालणाऱ्या व्हॉल्व्हची आतली तार तापवायला दीड व्होल्ट पुरत. पण त्याच्या प्लेटला ९० व्होल्टांच्या आसपास दाब लागे. सुक्या सेलचा दाब असतो दीड व्होल्ट. आता मुलांना फळ्यावर हिशेब घाला. ९० व्होल्टांना सेल किती? साठ! असे साठ लहान सेल एकापुढे एक जोडून पुठ्ठ्याच्या खोक्यात भरलेले येत. खोके महाग, आणि ते संपले की गाव मुके. कार्यक्रम कितीही चांगला असो, तो गावाला ऐकू येणार की नाही हे पुष्कळदा त्या खोक्यावर ठरे.

यावर दुसरा उपाय असा की, बॅटरी लहानच ठेवावी आणि तिचा दाब चढवून घ्यावा. हे कसे जमते ते कळण्यासाठी थोडे मागे जाऊ, आणि आधी विजेकडे नव्हे, पाण्याकडे पाहू.

लांब पाइपातून पाणी जोरात वाहत आहे, आणि तुम्ही व्हॉल्व्ह एकदम बंद केला, तर काय होते? पाइप धाडकन हादरतो. कधी सांधाही निखळतो. वाहते पाणी सहजी थांबायला तयार नसते. फ्रान्समधल्या जोसेफ माँगोल्फ्ये यांनी १७९६ साली या धडकेलाच कामाला लावले. (हेच ते फुग्यातून माणसे आकाशात चढवणारे माँगोल्फ्ये बंधू, त्यांतले एक.) ओढ्याचे पाणी पाइपातून सोडायचे, झडप आपोआप मिटू द्यायची, आणि त्या धडकेने थोडे पाणी उंच टाकीत चढवायचे. तेलही नको, कोळसाही नको. मात्र बरेचसे पाणी खालून वाहून जाते. त्याच्या जिवावर थोडे पाणी वर चढते. एवढे ध्यानात ठेवा.

विजेचेही तसेच आहे. अमेरिकेत ऑल्बनी गावच्या शाळेत जोसेफ हेन्री नावाचे शिक्षक होते. मुले शिकवून उरलेल्या वेळात ते प्रयोग करीत. त्यांना दिसले की, आखूड तारेतून वाहणारी वीज तोडली तर ठिणगी जेमतेम पडते, पण लांब तारेची गुंडाळी मध्ये घातली तर तीच बॅटरी लख्खकन ठिणगी उडवते. गुंडाळीतला प्रवाहही पाण्यासारखाच हटवादी! तोडायला जावे तर क्षणभर आपला दाब कितीतरी पट चढवून तो पुढे रेटतो. हे त्यांनी १८३२ साली प्रसिद्ध केले. घरचा पंखा बंद करताना बटणात जी ठिणगी चमकते, ती याच जातीची.

पण एक ठिणगी पडून काय उपयोग? तोडजोड सारखी चालली पाहिजे. आयर्लंडमध्ये मेनूथच्या विद्यालयात निकोलस कॅलन नावाचे धर्मगुरू विज्ञान शिकवीत. त्यांनी १८३६ साली एका गाभ्यावर दोन गुंडाळ्या घेतल्या, एक जाड तारेची, दुसरी खूप लांब बारीक तारेची. जाडीतला प्रवाह तोडला की बारकीत प्रचंड दाब उठे. पुढे तोडजोडीसाठी त्यांनी घड्याळातल्या चक्राची यंत्रणा वापरली. विद्यार्थ्यांना झटके देऊन ते दाब अजमावीत असे सांगतात. गुरुजींनी हा भाग मात्र गिरवू नये.

कॅलन यांची ही जोडी पुढे मोटारगाडीत शिरली. जुन्या गाडीचा पॉइंट पॉलिश पेपरने घासलेला ज्यांना आठवतो, त्यांनी ही तोडजोड डोळ्यांनी पाहिली आहे. बॅटरी सहा किंवा बारा व्होल्टांची, आणि प्लगमध्ये ठिणगी हजारो व्होल्टांची. १९३० नंतर गाडीत रेडिओ आला, त्याच्याबरोबर व्हायब्रेटर आला. पोलादाची एक पट्टी सेकंदाला शंभरावर वेळा थरथरे, सहा व्होल्टांची वीज तोडी-जोडी, आणि ट्रान्सफॉर्मरमधून व्हॉल्व्हसाठी अडीचशेच्या आसपास व्होल्ट निघत. आता साठ सेलांची गरज उरली नाही. भरता येणारी एक बॅटरी पुरे झाली. दोष एवढाच की, पट्टी गुणगुणे आणि तिची टोके ठिणग्यांनी जळून जात.

१९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर तयार झाला आणि काम दोन्ही बाजूंनी हलके झाले. रेडिओला ९० व्होल्ट लागेनात. चार-सहा सेलांत तो बोलू लागला. आणि जिथे दाब चढवणे भागच होते, तिथे थरथरत्या पट्टीची जागा ट्रान्झिस्टरने घेतली. न झिजणारे, न जळणारे बटण! आज ते सेकंदाला हजारो, लाखो वेळा उघडमीट करते. म्हणून गुंडाळी वाटाण्याएवढी झाली. तिच्यापुढे डायोड असतो. तो चढलेली वीज मागे फिरू देत नाही. त्यापुढचा कपॅसिटर ती साठवतो. माँगोल्फ्ये यांच्या यंत्रातली झडप आणि टाकी ती हीच.

रानडुकरांसाठी कुंपणाला जोडतात ते झटका मशीनही बारा व्होल्टांचा दाब असाच हजारांवर नेते. पण त्याचा झटका क्षणाच्याही बारीक अंशापुरता, साधारण सेकंदाला एकदा, आणि त्यातली एकूण शक्ती मोजून बेताची. जनावर दचकते, मरत नाही. काही जण मशीनचा खर्च वाचवायला कुंपणाला थेट घरची २३० व्होल्टांची वीज जोडतात. आकडा लहान दिसतो ना? पण ती वीज थांबत नाही. धरलेला हात सुटत नाही. अशा तारांनी शेजारची माणसे आणि खुद्द लावणाराही मेला आहे. तो गुन्हा आहे, हे वेगळे सांगायला नको.

आता पुन्हा आपल्या दीड व्होल्टाकडे. टॉर्चच्या पांढऱ्या एलईडी दिव्याला सुमारे तीन व्होल्ट लागतात, म्हणून एका सेलवर तो थेट पेटतच नाही. १९९९ साली इंग्लंडमधल्या एका इलेक्ट्रॉनिक्स मासिकात एक लहानशी जोडणी छापून आली: एक ट्रान्झिस्टर, एक रोधक, आणि फेराइटच्या कड्यावर तारेचे दुहेरी वेढे. एवढ्यावर एक सेल पांढरा दिवा पेटवतो. पुढे तिला ‘जूल चोर’ असे गमतीचे नाव पडले. जूल म्हणजे ऊर्जेचे माप. रेडिओने नाकारलेला, उन्हात ठेवून पाहिलेला सेलसुद्धा यात कित्येक तास मंद उजेड देतो, कारण दाब उतरला तरी त्याच्या पोटात माल शिल्लक असतो. शाळेत मुलांकडून करून घ्यावा असा हा प्रयोग आहे, आणि सामान थोडक्यात मिळते. मात्र जुना सेल ओल धरू लागला की लगेच काढावा. आतला द्रव यंत्र खातो.

फोन भरायची पॉवर बँकही हेच करते. त्यावर १०,००० असा मिलिअँपिअर-तासांचा आकडा असतो, पण फोनला तितके पोचत नाहीत, म्हणून दुकानदाराशी पुष्कळ भांडणे होतात. हिशेब असा. तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टांच्या सेलचा. तीच शक्ती ५ व्होल्टांवर चढवली की आकडा उतरतो ७,४०० वर, आणि चढवण्यात दहा-पंधरा टक्के उष्णतेत जातात. हाती राहतात साधारण साडेसहा हजार. याहून फारच कमी मिळाले, तर मात्र दुकानदाराला जरूर विचारा.