घरोघरी रक्तनमुना संकलन (वाशिम जिल्हा)

संसर्गजन्य रोग लोकांत किती पसरला आहे हे मोजण्यासाठी घरी जाऊन, बोट टोचून रक्ताचे मोजके थेंब घेण्याची पद्धत. दवाखान्याच्या नोंदवहीत तिथवर गेलेलेच दिसतात. घरोघरच्या नमुन्यात न गेलेलेही येतात.

१९९८ साली अकोल्यातून वेगळ्या झालेल्या वाशिम जिल्ह्यात या पद्धतीचे सर्वांत परिचित रूप म्हणजे हिवतापाची काचपट्टी. गृहभेटीत आरोग्यसेवक ताप असलेल्या माणसाचे रक्त घेऊन एकाच पट्टीवर दोन लेप करतो : जाड लेपात परजीवी सापडतो, पातळात त्याची जात कळते.

संशोधनासाठी मोठे काम केले ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने. २००५-०६च्या फेरीत देशभर एक लाखाहून अधिक लोकांचे वाळवलेले थेंब एचआयव्हीसाठी तपासले गेले. १५ ते ४९ वयोगटात प्रमाण ०.२८ टक्के निघाले. २००७ मध्ये देशातील बाधितांचा अंदाज पन्नास लाखांच्या वरून सुमारे २५ लाखांवर आला, त्यामागे हे थेंबही होते. गर्भवतींच्या तपासणी केंद्रांवरून बांधलेला आडाखा इतका चुकू शकतो, हा त्यातला खरा धडा. २०१५-१६च्या फेरीपासून या सर्वेक्षणात वाशिमची आकडेवारी स्वतंत्रपणे मिळू लागली. पण त्या फेरीत एचआयव्ही तपासणी निवडक घरांपुरतीच असल्याने जिल्ह्याचा वेगळा आकडा निघाला नाही. पुढच्या फेरीत (२०१९-२१) थेंब घेतले ते हिवतापाचे परजीवी, मधुमेहाचा निर्देशक व ड जीवनसत्त्व यांसाठी. २०२०च्या करोना सर्वेक्षणात मात्र शिरेतून रक्त घेतले गेले. त्यात महाराष्ट्रातले सहा जिल्हे होते, वाशिम नव्हता.

टोचल्यावर पहिला थेंब पुसून टाकतात. बोट पिळायचे नसते, कारण ऊतींतले पाणी मिसळून रक्त पातळ होते. पुढचे थेंब गाळणकागदाच्या छापील वर्तुळांत पूर्ण भिजेपर्यंत सोडतात. कागद सावलीत, सहसा रात्रभर, वाळवून ओल शोषणाऱ्या पुडीसह बंद पिशवीत ठेवतात. शीतपेटीशिवाय तो दूरच्या प्रयोगशाळेत जाऊ शकतो, ही या पद्धतीची मोठी सोय. पावसाळी दमट हवा हा तिचा मुख्य शत्रू. शिवाय सोयाबीनच्या हंगामात घरे दिवसभर कुलूपबंद असतात. तेव्हा भेट सकाळी लवकर किंवा दिवेलागणीला घ्यावी लागते.

संमती आधी घेतली जाते; अल्पवयीनांसाठी पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही लागतात. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरीच मोजलेल्या हिमोग्लोबिनचा आकडा तिथल्या तिथे सांगत असत. एचआयव्हीच्या कागदावर मात्र नाव नसून केवळ संकेतांक असे आणि निकाल घरी कळवला जात नसे. रक्त देणाऱ्याला हे खटकणे साहजिक होते. म्हणून त्याला मोफत तपासणी कुठे होते याची माहिती दिली जाई.