आर्कराइट : एका आडनावाचा दप्तरी इतिहास

अर्जातील आडनावाचा रकाना आपण सहज भरतो. तो मुळात कोणी व कशासाठी आखला, हा प्रश्न मात्र शासकीय सेवेत बरीच वर्षे गेल्यावर मला पडू लागला. ‘आर्कराइट’ हे विरळ इंग्रजी आडनाव या दृष्टीने उद्बोधक आहे.

लॅटिन ‘आर्का’ म्हणजे पेटी. त्यावरून आलेला ‘आर्क’ हा शब्द उत्तर इंग्लंडच्या बोलीत पीठ व धान्य साठविण्याच्या मोठ्या लाकडी पेटीसाठी रूढ होता. ‘राइट’ म्हणजे घडविणारा कारागीर. गाड्या बनविणारा तो कार्टराइट, पेट्या बनविणारा तो आर्कराइट. पैकी ‘आर्क’ हा शब्द उत्तरेकडचा आणि धंदाही मोजक्यांचा. म्हणून आडनाव विरळ राहिले. १८८१ च्या जनगणनेतही ते मुख्यतः लँकेशायरमध्येच एकवटलेले दिसते.

धंद्याची ही ओळख पिढीजात होण्यात सरकारी दप्तराचा वाटा मोठा होता. १३७७, १३७९ व १३८१ साली इंग्लंडमध्ये डोईपट्टी बसविण्यात आली. एकाच गावात अनेक जॉन असत. वसुलीसाठी त्यांना वेगळे ओळखणे भाग होते. पुढे १५३८ पासून प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंदवही ठेवणे सक्तीचे झाले. धंदा सुटला तरी नाव नोंदीत कायम राहू लागले.

याचे ठळक उदाहरण रिचर्ड आर्कराइट. १७३२ साली लँकेशायरमधील प्रेस्टन येथे शिंप्याच्या घरी जन्मलेल्या या गृहस्थाने प्रथम न्हाव्याचा व केसांचे टोप बनविण्याचा धंदा केला, १७६९ मध्ये सूतकताईच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि १७७१ मध्ये क्रॉमफर्ड येथे पाण्यावर चालणारी गिरणी उभारली. नाव पेटीकाराचे, पण पेटी बनविण्याचे बंधन त्याच्यावर नव्हते.

आपल्याकडेही कुलकर्णी, देशमुख ही पदांचीच नावे. मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने रद्द झाली, आडनावे राहिली. मात्र आपल्या समाजात आडनावावरून जात ताडली जाते आणि जातीवरून माणसाची पायरी ठरविली जाते. सुतार वा कुंभार आडनावाच्या उमेदवाराला हा अनुभव नवा नाही. पूर्वजाच्या धंद्याची नोंद राहिली म्हणून बिघडत नाही. तीवरून वंशजाची योग्यता ठरविली जाते, तेथे अन्याय होतो. अर्ज तपासणाऱ्याने एवढे भान ठेवणे अगत्याचे आहे.