नवजात अर्भकांची खोली : केरसुणीपासून धूळशोषक यंत्रापर्यंत

नवजात बालकाच्या खोलीविषयीं दोन नियम महाराष्ट्रांतील घराघरांतून पिढ्यान् पिढ्या पाळले गेले. तेथें धूळ उडूं द्यावयाची नाहीं, आणि तेथें गलबला होऊं द्यावयाचा नाहीं. बाळंतिणीच्या खोलीजवळ माणसें हलक्या आवाजांत बोलत, आणि केर काढण्यापूर्वीं मातीच्या जमिनीवर पाण्याचा हबका मारीत. हे नियम कोणा शास्त्रज्ञानें घालून दिलेले नव्हते. अनुभवानें ते शिकविले होते. विज्ञानानें पुढें त्यांची यथार्थता सिद्ध केली. परंतु ज्या यंत्रानें धूळ खरोखर उचलून नेण्याची सोय केली, त्याच यंत्रानें शांततेचा भंग केला. एक नियम पाळावा तर दुसरा मोडतो, असा हा पेंच विसाव्या शतकांत रुग्णालयांपुढें उभा राहिला. तो कसा निर्माण झाला आणि कसा सुटत आला, हें पाहण्यासारखें आहे.

भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यांतील सानगडीसारखें गांव या दृष्टीनें विचारांत घ्यावें. जुन्या किल्ल्याचे अवशेष अंगावर वागविणारें हें गांव धानाच्या मुलखांतलें. धानाची मळणी सुरू झाली म्हणजे तणस, कोंडा आणि बारीक धूळ यांनीं सारा परिसर भरून जातो. अशा मुलखांत बाळंतपण पूर्वीं घरींच होई, आणि सुईण हीच वैद्य असे. जमीन शेणानें सारविली जाई. सारवणानें धूळ बसते, हा त्याचा गुण. परंतु त्याच शेणामातींत धनुर्वाताचे जंतू दडलेले असतात, हा त्याचा दोष. नाळेला शेण किंवा राख लावण्याच्या चालीनें किती अर्भकें दगावलीं असतील याची गणती कोणीं ठेविली नाहीं. गर्भवतींना लस टोंचण्याचा आणि स्वच्छ प्रसूतीचा प्रसार झाला, तेव्हां कोठें २०१५ सालीं भारत या नवजात धनुर्वातापासून मुक्त झाल्याचें मान्य झालें. स्वच्छ दिसणें वेगळें आणि निर्जंतुक असणें वेगळें, हा या इतिहासांतील पहिला धडा होय.

तो धडा युरोपांतही फार उशिरां शिकला गेला. १८४७ सालीं व्हिएन्ना येथील प्रसूतिगृहांत डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांनीं क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुण्याचा नियम केला आणि बाळंतरोगानें होणारे मृत्यु झपाट्यानें कमी झाले. तरीही त्यांच्या समकालीनांनीं त्यांची उपेक्षाच केली. १८५९ सालीं फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं शुश्रूषेवरील आपल्या प्रसिद्ध पुस्तकांत दोन गोष्टींवर मोठा कटाक्ष ठेविला. कोरड्या फडक्यानें झटकणें म्हणजे धूळ एका जागेवरून दुसऱ्या जागीं नेणें होय, म्हणून फडकें ओलें असावें, ही एक. आणि निष्कारण आवाज करणें म्हणजे रोग्यावर क्रौर्य करणें होय, ही दुसरी. आपल्याकडील घरगुती नियम आणि या इंग्रज बाईंचे नियम एकच होते, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

महाराष्ट्रांत या विषयाचें दुःख ज्यांच्या नांवाशीं कायमचें जोडलें गेलें आहे, त्या म्हणजे आनंदीबाई जोशी. १८६५ सालीं जन्मलेल्या आनंदीबाईंना चौदाव्या वर्षीं मुलगा झाला आणि तो दहा दिवसांतच गेला. वैद्यकीय मदत मिळाली नाहीं, ही खंत त्यांना अमेरिकेपर्यंत घेऊन गेली. १८८६ सालीं त्या पेन्सिल्व्हेनियांतील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून पदवीधर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषयही हिंदूंतील प्रसूतिशास्त्र हाच होता. पुढच्याच वर्षीं त्यांचा अंत झाला. पण नवजात मुलाचा मृत्यु ही दैवगति नसून टाळतां येण्याजोगी गोष्ट आहे, ही जाणीव त्यांच्या आयुष्यानें मराठी समाजाला दिली.

अपुऱ्या दिवसांच्या मुलांना जगविण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न पॅरिसमध्यें झाला. कोंबडीचीं अंडीं उबविण्याची पेटी पाहून डॉक्टर स्टेफान तार्निए यांना कल्पना सुचली, आणि १८८० च्या सुमारास तेथील प्रसूतिगृहांत उबेच्या पेट्या वापरांत आल्या. या पेट्यांनीं मुलाला ऊब दिली. परंतु एक नवी अडचणही उभी केली. जें मूल आईच्या कुशींत असावयाचें, तें आतां रुग्णालयाच्या हवेच्या हवालीं झालें. त्या हवेंत काय तरंगत आहे, हा प्रश्न आतां जीवनमरणाचा ठरला.

याच सुमारास धूळ काढण्याच्या कलेंत क्रांति झाली. १९०१ सालीं ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्यानें धूळ फुंकून उडविण्याऐवजीं शोषून घेण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें. फुंकणाऱ्या यंत्राचा प्रयोग पाहून त्याला ही युक्ति सुचली होती. असें सांगतात कीं, उपाहारगृहांतील खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवून त्यानें तोंडानें हवा ओढून पाहिली. ठसका तर लागलाच, पण रुमालाच्या खालच्या बाजूस धुळीचा काळा डाग उमटला आणि सिद्धान्त खरा ठरला. त्याचें यंत्र इतकें मोठें होतें कीं, तें घोड्यांच्या गाडीवर चढवून रस्त्यांत उभें करावें लागे आणि लांब नळ्या खिडक्यांतून घरांत सोडाव्या लागत. त्याच्या धडधडाटानें रस्त्यावरचे घोडे बुजत. पहिल्या महायुद्धाच्या काळांत लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें राहणाऱ्या नौसैनिकांत मेंदूज्वराची साथ आली, तेव्हां बूथचीं १५ यंत्रें तेथें लावण्यांत आलीं आणि त्यांनीं २६ टन धूळ बाहेर काढली, असें नमूद आहे. धूळ काढणें हें आरोग्यरक्षणाचें साधन होऊं शकतें, हें लोकांच्या मनावर ठसविणारा हा प्रसंग होता.

घरांत वापरतां येईल असें लहान यंत्र मात्र अमेरिकेंत ओहायो संस्थानांतील कँटन गांवीं जन्मास आलें. तेथील एका दुकानांत झाडलोट करणारा जेम्स मरे स्पँगलर हा दम्यानें बेजार असे. केरसुणीच्या धुळीनें आपला दमा वाढतो हें ओळखून त्यानें विजेचा पंखा, केरसुणीचा दांडा आणि उशीचा अभ्रा यांपासून यंत्र बनविलें, आणि १९०८ सालीं त्याचें पेटंट त्याला मिळालें. हूवर कंपनीनें पुढें तें जगभर नेलें. धुळीचा त्रास सर्वाधिक ज्याला होतो, त्या झाडणाऱ्या माणसानेंच हा शोध लावावा, ही गोष्ट मोठी अर्थपूर्ण आहे. परंतु याच यंत्रांत दोन दोष राहून गेले. मोटर खोलींतच आल्यामुळें तिचा आवाजही खोलींत आला. आणि अभ्र्यासारख्या पिशवींतून मोठा केर अडला तरी सूक्ष्म धूळ आरपार जाऊन पुन्हां हवेंत मिसळूं लागली. डोळ्यांस स्वच्छ दिसणारी खोली श्वासाला अधिक घातक व्हावी, असा हा विपरीत प्रकार होता.

दुसऱ्या दोषावरील उपाय अगदीं निराळ्या क्षेत्रांतून आला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकेंतील अणुसंशोधनाच्या प्रयोगशाळांना किरणोत्सारी कण हवेंतून अडविणारी गाळणी हवी होती. तींतूनच पुढें हेपा या नांवानें ओळखली जाणारी गाळणी तयार झाली. अडविण्यास सर्वांत कठीण मानले जाणारे ०.३ मायक्रॉन आकाराचे कण १०,००० असले तर त्यांतील ९,९९७ ही गाळणी पकडते. मनुष्याचा केंस सुमारें ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून त्या कणाच्या सूक्ष्मतेची कल्पना येईल. जंतू बहुधा एकटे फिरत नाहींत. कातडीच्या कोंड्यावर आणि कापडाच्या तंतूंवर बसून ते प्रवास करतात. बांधकामाच्या धुळींतील एस्परजिलसची बुरशी तर अपुऱ्या दिवसांच्या मुलाच्या पातळ त्वचेवरही रुजूं शकते. म्हणून युद्धाच्या संशोधनांतून निघालेली ही गाळणी शेवटीं पाळण्याजवळ येऊन पोंचली.

पहिल्या दोषाकडे, म्हणजे आवाजाकडे, लक्ष जाण्यास याहूनही अधिक काळ लागला. गर्भाला साधारणतः सहाव्या महिन्यापासून ऐकूं येऊं लागतें. जें मूल सातव्या महिन्यांत जन्मास येतें, त्याचे कान जागे असतात. पण आवाजाला बोथट करणारें आईचें उदर त्याच्याभोंवतीं नसतें. अकस्मात् मोठा आवाज झाला तर त्याच्या नाडीचे ठोके बदलतात, रक्तांतील प्राणवायूचें प्रमाण घसरतें आणि झोंप मोडते. आणि या मुलाची वाढ तर झोंपेंतच व्हावयाची असते. १९९७ सालीं अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें अशा कक्षांत ४५ डेसिबलहून अधिक आवाज टाळावा अशी शिफारस केली. साधें घरगुती यंत्र ७० डेसिबलच्याही पुढें जातें. डेसिबलचें गणित साध्या बेरजेचें नाहीं. दर १० डेसिबलांमागें ध्वनीची शक्ति दसपट होते; ४५ आणि ७५ यांत तीस नव्हे तर हजार पटींचा फरक असतो.

महाराष्ट्रांत या कक्षांची वाढ टप्प्याटप्प्यानें झाली. मुंबईंत १९२६ सालीं नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह आणि १९२९ सालीं बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय उभें राहिलें. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत १९८९ सालीं डॉक्टर आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकारानें आशियांतील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. भंडाऱ्याच्या दक्षिणेस गडचिरोलींत डॉक्टर अभय बंग आणि डॉक्टर राणी बंग यांनीं खेड्यांतील आरोग्यदूतांकरवीं घरच्या घरीं नवजात मुलांची काळजी घेऊन मृत्यूंचें प्रमाण निम्म्याहून खालीं आणलें. तें काम १९९९ सालीं जगापुढें आलें. त्यानंतरच्या काळांत राष्ट्रीय आरोग्य अभियानानें जिल्हा रुग्णालयांतून आजारी नवजातांचे विशेष कक्ष उघडले. सानगडीच्या शेतकऱ्याचें कमी वजनाचें मूल आतां भंडाऱ्यापर्यंत नेलें तर वाचूं शकतें, ही या शंभर वर्षांची कमाई होय.

परंतु त्याच भंडाऱ्यानें एक भीषण रात्रही पाहिली. ९ जानेवारी २०२१ रोजीं उत्तररात्रीं जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या या कक्षाला आग लागली. आंत १७ अर्भकें होतीं. त्यांपैकीं ७ वांचलीं, १० गेलीं. आगीचें मूळ विजेच्या उपकरणांतील बिघाडांत सांगितलें गेलें. धुळीचा प्रश्न या घटनेपुढें लहान वाटेल; पण तिनें दिलेली शिकवण प्रत्येक यंत्राला लागू आहे. प्राणवायूनें समृद्ध अशा खोलींत येणारें प्रत्येक विजेचें यंत्र ही एक नवी जबाबदारी असते. त्याची तार, त्याचा खटका, त्याची वार्षिक तपासणी आणि ती केल्याची नोंद, हीं यंत्राच्या किंमतींतच धरावयास हवीं.

तेव्हां अशा कक्षासाठीं धूळशोषक यंत्र निवडावयाचें तर कसोट्या कोणत्या? पहिली, यंत्राच्या तोंडांतून शिरलेली सारी हवा हेपा गाळणींतूनच बाहेर पडली पाहिजे. सांध्यांतून गळती असेल तर उत्तम गाळणीही व्यर्थ. दुसरी, आवाज विक्रेत्याच्या पत्रकावरून ठरवूं नये. यंत्र चालू करून पाळण्यापाशीं मोजावा. तिसरी, यंत्रांतून निघणारा हवेचा झोत जमिनीवर आदळून धूळ उडविणारा नसावा. चौथी, पिशवी बंद तोंडाची असावी आणि ती कक्षाबाहेरच बदलावी. पांचवी, यंत्र त्या कक्षापुरतेंच राखून ठेवावें. शौचालयाकडील यंत्र पाळण्याकडे येतां कामा नये. आणि जेथें नवी इमारत बांधली जात आहे तेथें मोटर तळमजल्यावर ठेवून भिंतींतून नळ्या आणाव्या. खोलींत फक्त नळी यावी. म्हणजे बूथच्या गाडीचीच कल्पना पुन्हां फिरून येते. गाडी रस्त्यांत, नळी खिडकींतून! मोटर घरांत आणून जें गमावलें, तें तिला पुन्हां बाहेर नेऊन मिळवावयाचें.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. यंत्र जंतू मारीत नाहीं. तें केवळ धूळ उचलतें. कोरडी केरसुणी अशा कक्षांत वर्ज्य आहे आणि दैनंदिन सफाईचें मुख्य साधन ओलें पोंछें हेंच आहे. त्याला वीज लागत नाहीं, त्याचा आवाज होत नाहीं, आणि त्यानें धूळ उडत नाहीं. यंत्राचें काम पोंछें जेथें पोंचत नाहीं तेथें सुरू होतें : हवेच्या जाळ्या, उपकरणांमागील सांदी, खिडक्यांच्या चौकटी. पाण्यांत घालावयाचें औषधही विचारपूर्वक घ्यावें. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील कांहीं नवजातकक्षांत फेनॉलयुक्त द्रावणांच्या अति वापरानें अर्भकांची कावीळ वाढल्याचें आढळलें. तेव्हांपासून पाळण्याजवळ तीं वर्ज्य ठरलीं.

शेवटीं प्रश्न उरतो तो यंत्र चालविणाऱ्या हातांचा. महाराष्ट्रांत लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं केरसुणीची पूजा होते. पण केरसुणी धरणाऱ्याची पूजा व्हावी असें फार थोड्यांना वाटलें. अमरावती जिल्ह्यांत १८७६ सालीं जन्मलेल्या गाडगेबाबांनीं हातांत खराटा घेऊन गांवेंच्या गांवें झाडलीं आणि झाडण्याच्या कामाला प्रतिष्ठा दिली. नवजातकक्षांतील सफाई कामगार हा डॉक्टर आणि परिचारिका यांच्याइतकाच त्या मुलाचा रक्षक असतो. यंत्र कितीही महाग असो, त्याला तें हळू चालवावयास, वेळेवर पिशवी बदलावयास आणि मूल झोंपलें असतां थांबावयास शिकविलें नाहीं, तर तें यंत्र खोलीच्या कोपऱ्यांत धूळ खात पडतें. त्याला शिकविलें, त्याचें म्हणणें खरेदीच्या वेळीं ऐकून घेतलें आणि त्याला मानानें वागविलें, तर साधें ओलें पोंछेंही पाळण्यांतील श्वास राखूं शकतें. धूळ उडूं द्यावयाची नाहीं आणि गलबला होऊं द्यावयाचा नाहीं, हे आजीचे दोन नियम आजही पुरेसे आहेत. ते पाळणाऱ्या माणसाची कदर करावयाची, हा तिसरा नियम आपल्या पिढीनें त्यांत घालावयाचा आहे.